हात कशाकडे निघाला?

स्वयंपाकघरात एक बाई वळते, जमिनीवर पडलेला टॉवेल तिला दिसतो, ती वाकून तो उचलते, दांडीवर टाकते आणि पुढच्या कामाला लागते. पाहणारा मोठा माणूस सहज सांगेल, की तिने टॉवेल उचलून जागेवर लावला. पण डोळ्यांपर्यंत पोचतं ते इतकं नीटस नसतं. तिथे असते एक सलग हालचाल: खांदा फिरतो, कंबर वाकते, केस पुढे येतात, बोटं मिटतात, पाय अर्धं पाऊल मागे जातो. यातलं कामाचं काय आणि सोबत ओघाने आलेलं काय, एक कृती कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, याच्या खुणा त्या हालचालीवर उमटलेल्या नसतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डेअर बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा-अकरा महिन्यांच्या बाळांना अशीच दृश्यं दाखवली. ओळख झाल्यावर तीच दृश्यं पुन्हा दाखवताना चित्र मधेच काही क्षण थांबवलं. एखादं काम पुरं झालं त्या क्षणी चित्र थांबलं, तर बाळांना त्याचं विशेष वाटलं नाही. काम अर्ध्यावर असताना थांबलं, की त्यांची नजर पडद्यावर जास्त वेळ खिळून राहिली. ज्यांना धड उभंही राहता येत नाही अशा मुलांना, इतरांच्या हालचालींचे तुकडे नेमके कुठे पडतात, हे कळत होतं.

हे त्यांना कुठून कळतं, याची दोन उत्तरं नेहमी दिली जातात. एक असं, की माणसाचं मूल जन्मतःच इतरांच्या मनाची जाण घेऊन येतं. समोरच्याला काही हवं असतं, त्याचा काही हेतू असतो, हे त्याला शिकवावं लागत नाही. दुसरं असं, की बाळ फक्त पाहत राहतं. तीच ती हालचाल शेकडो वेळा डोळ्यांखालून गेली, की पुढे काय येणार याची सवय होते आणि त्या सवयीलाच आपण समज म्हणतो. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पहिलं बाळाला फार लवकर फार शहाणं करतं, दुसरं त्याला कोपऱ्यात बसलेला प्रेक्षक मानतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जमलेला पुरावा तिसऱ्याच बाजूला बोट दाखवतो. बाळ दुसऱ्याचं मन वाचत नाही, तर दुसऱ्याचा हात कशाकडे निघाला आहे आणि तिथे पोचल्यावर काय घडतं, हे पाहतं. आणि हे पाहायला त्याला शिकवणारा सर्वांत जवळचा शिक्षक म्हणजे त्याचा स्वतःचा हात. पाहून शिकणं हे बाळाच्या बाबतीत करून शिकण्याच्या आधीचं पाऊल नाही. दोन्ही एकमेकांच्या हाताला धरूनच चालतात.

पुरावा तपासण्याआधी तो मिळवतात कसा, हे पाहायला हवं, कारण बोलता न येणाऱ्या जिवाला प्रश्न विचारायचा असतो. रॉबर्ट फॅन्ट्झ यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं, की तान्ह्या बाळाची नजरच मोजता येते. ओळखीचं झालेलं चित्र बाळाला फार वेळ धरून ठेवत नाही. वेगळं काही आलं, की ते पुन्हा टक लावून पाहू लागतं. म्हणजे बाळाला एकच दृश्य कंटाळा येईपर्यंत दाखवायचं, मग त्यात दोन निरनिराळे बदल करायचे आणि कोणता बदल त्याला खरोखर नवा वाटतो हे नजरेच्या कालावधीवरून ताडायचं. सगळी मदार प्रयोग रचण्यावर असते. बदल असे निवडावे लागतात, की दोन स्पष्टीकरणांपैकी एकच टिकेल.

अमांडा वुडवर्ड यांचा १९९८ चा प्रयोग या कसोटीला इतका उतरतो, की आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते. बाळ आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर बसलेलं असतं. समोर छोटासा मंच, त्यावर शेजारी शेजारी दोन खेळणी: एक चेंडू, एक टेडी अस्वल. बाजूने एक हात येतो आणि त्यातलं एक खेळणं पकडतो, समजा अस्वल. माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि दंड. हेच पुन्हा पुन्हा घडतं, बाळाची नजर ढळू लागते. मग पडदा ओढून खेळण्यांच्या जागांची अदलाबदल केली जाते. आता हातापुढे दोन शक्यता आहेत. तो पूर्वीच्याच बाजूला जाईल, पण तिथे आता चेंडू आहे; किंवा नव्या बाजूला वळून पूर्वीचंच अस्वल पकडेल. हालचालीचा विचार केला तर दुसरी शक्यता जास्त नवी: हात वेगळ्या दिशेने गेला, वेगळा मार्ग धरला. उद्दिष्टाचा विचार केला तर पहिली नवी: मार्ग तोच, पण हवी असलेली वस्तू बदलली. पाच-सहा महिन्यांची आणि नऊ महिन्यांची बाळं पहिल्या शक्यतेकडे जास्त वेळ पाहत राहिली. त्यांनी हाताचा रस्ता लक्षात ठेवला नव्हता, हाताचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

इथे पहिली शंका येते, आणि ती रास्त आहे. हात हलतो, हलणारी वस्तू नजर खेचते, आणि हात जिथे थांबतो तिथल्या खेळण्यावर बाळाचं लक्ष आपोआप जातं. मग बदललेलं खेळणं नवं वाटलं तर त्यात उद्दिष्ट कळण्याचं काय? वुडवर्ड यांनी हीच शंका धरून हाताच्या जागी निर्जीव दांडा आणि यांत्रिक पंजा वापरून पाहिला. तोही त्याच मार्गाने गेला, त्याच खेळण्यापाशी थांबला, नजर त्यानेही तितकीच खेचली. पण बाळांनी दोन बदलांत तसा फरक केला नाही. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात त्यांनी माणसाचाच हात वापरला, मात्र त्याने खेळणं पकडलं नाही, तळवा वर ठेवून हाताची पालथी बाजू नुसती खेळण्यावर टेकवली. तेव्हाही फरक नाहीसा झाला. म्हणजे हात दिसणं पुरेसं नाही, हात खेळण्याला लागणंही पुरेसं नाही. बोटं वस्तूभोवती मिटून ती धरतात, तेव्हाच बाळाच्या लेखी तो हात काहीतरी करत असतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळं स्वतः काय शिकत असतात, हे आठवलं तर या वयाचा योगायोग डोळ्यांत भरतो. वस्तूकडे हात नेऊन ती मुठीत धरणं त्यांना याच सुमारास साधू लागतं.

योगायोग हा पुरावा नव्हे. एकाच वयात बाळाचं बरंच काही बदलतं, नजर स्थिर होते, मान सावरते, झोपेचं चक्र बसू लागतं. हातामुळेच समज आली असं म्हणायचं, तर ज्यांना अजून पकडता येत नाही अशांना आधीच पकडायला लावून पाहावं लागेल. एमी नीडहॅम यांनी त्यासाठी एक साधी युक्ती शोधली होती. तीन महिन्यांच्या बाळाला छोटे हातमोजे घालायचे, त्यांच्या तळव्याला वेल्क्रोची पट्टी आणि खेळण्यांच्या कडांना तिची जोडीदार पट्टी. बाळ हात नुसता फिरवतं, तो खेळण्याला लागतो आणि खेळणं चिकटून वर येतं. (नखांचे ओरखडे उठू नयेत म्हणून आपल्याकडे तान्ह्यांना जे हातमोजे घालतात त्यांच्या अगदी उलट काम: ते हाताला वस्तूपासून राखतात, हे हाताला वस्तू मिळवून देतात.) जेसिका सॉमरव्हिल, वुडवर्ड आणि नीडहॅम यांनी २००५ मध्ये हे मोजे वुडवर्ड यांच्या चेंडू-अस्वलाच्या प्रयोगाशी जोडले. निम्म्या बाळांना आधी काही मिनिटं मोज्यांनी खेळू दिलं आणि मग मोजा घातलेला मोठ्या माणसाचा हात दाखवला; उरलेल्या निम्म्यांना आधी हात दाखवला आणि मग खेळायला दिलं. बाळं त्याच वयाची, मोजे तेच, दृश्य तेच, फरक फक्त क्रमाचा. ज्यांनी आधी स्वतः खेळणं उचललं होतं त्यांनाच समोरच्या हाताचं उद्दिष्ट दिसलं. आधी नुसतं पाहिलेल्यांना दिसलं नाही.

पण आधी खेळलेल्या बाळांना खेळणी आणि मोजे ओळखीचे झाले होते, एवढ्यानेच फरक पडला नसेल का? सारा गर्सन आणि वुडवर्ड यांनी २०१४ मध्ये या प्रश्नाला थेट हात घातला. बाळांच्या एका गटाला मोजे घालून खेळू दिलं. दुसऱ्या गटाला तसाच अनुभव केवळ पाहायला दिला, मोठं माणूस मोजा घालून खेळणी उचलत होतं आणि बाळ बघत होतं. ओळख दोघांची झाली, समज मात्र करणाऱ्यांनाच आली. हा निकाल मला या साऱ्या विषयाच्या मध्यभागी ठेवावासा वाटतो. मूल आपोआप बघून बघून शिकतं, ही समजूत इतकी रुळलेली आहे, की पाहणं हेसुद्धा शिकावं लागतं हे आपण विसरतो. तीन महिन्यांच्या बाळासमोर दिवसभर हात वावरत असतात. दूध पाजणारे, लंगोट बदलणारे, खुळखुळा वाजवणारे. दृश्यांची टंचाई नसते. त्या दृश्यांत काय पाहायचं, हे अजून ठरलेलं नसतं.

पुढच्या महिन्यांत हीच गोष्ट एक पायरी वर घडताना दिसते. दहा महिन्यांच्या बाळापुढे एक खेळणं कापडाच्या दूरच्या टोकावर ठेवलं, तर काही बाळं कापड ओढून खेळणं जवळ आणतात. काही कापडाशीच खेळत बसतात, खेळणं हाती आलं तर निव्वळ योगायोगाने. सॉमरव्हिल आणि वुडवर्ड यांनी बाळांचं हे कसब आधी पारखलं आणि मग त्यांना दुसऱ्या माणसाला कापड ओढून खेळणं घेताना दाखवलं. ज्यांना स्वतःला हे जमत होतं त्यांनी त्या माणसाचं उद्दिष्ट खेळणं आहे असं धरलं. ज्यांना जमत नव्हतं, त्यांच्या दृष्टीने हाताचा संबंध कापडाशी होता. एकाच वयाच्या दोन मुलांनी एकच दृश्य पाहिलं, आणि दोघांना त्यात दोन वेगवेगळी कामं दिसली. बाळाने आडकाठी हटवून वस्तू गाठणं हा बुद्धीचा मोठा टप्पा आहे, हे झां पियाजे यांनी आपल्या मुलांच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणांतून दाखवलं होतं. पण तो टप्पा ओलांडणारं मूल त्याच वेळी इतरांनाही नव्याने पाहू लागतं, ही त्यात पडलेली मोलाची भर आहे.

नजरेचा वेग मोजणाऱ्या प्रयोगांचा कौलही याच बाजूने पडतो. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी २००६ मध्ये एक चित्रफीत दाखवली, हात चेंडू उचलून भांड्यात टाकतो आहे. मोठ्या माणसांची नजर हाताच्या आधी भांड्यावर जाऊन थांबते, हात येण्याची वाट पाहते. बारा महिन्यांच्या बाळांचीही तशीच गेली. सहा महिन्यांच्या बाळांची नजर हातामागून, उशिराने पोचली. तेच चेंडू हाताविना आपले आपण भांड्याकडे सरकू लागले, तेव्हा मोठ्यांची नजरदेखील पुढे धावली नाही. पुढे क्योटोमधल्या संशोधकांनी चार ते दहा महिन्यांच्या बाळांची पकड आणि नजर दोन्ही मोजली, तर पकडणाऱ्या हाताचा अंदाज घेणं हे बाळाच्या स्वतःच्या पकडीसोबत वाढताना दिसलं. यांत्रिक पंज्याबद्दल असा अंदाज त्यांना बांधता आला नाही.

इथे अनेक लेखक आरशासारख्या चेतापेशींची गोष्ट सांगून मोकळे होतात. इटलीतल्या पार्मा इथे जाकोमो रिझोलाटी यांच्या गटाला १९९० च्या दशकात माकडाच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, की माकड स्वतः शेंगदाणा उचलतं तेव्हाही त्या चेततात आणि दुसऱ्याला उचलताना पाहतं तेव्हाही. शोध मोठा आहे, पण त्याने या प्रकरणातला प्रश्न सुटत नाही. पेशी चेतते हे समजेचं कारण आहे की परिणाम, हे त्या नोंदीतून कळत नाही. आधीच ओळखलेल्या कृतीचा प्रतिसाद म्हणूनही ती चेतू शकते. माकडाच्या मेंदूतल्या पेशीवरून बाळाच्या विकासावर उडी मारणं तर त्याहून धाडसाचं. वेल्क्रोचे मोजे मेंदूबद्दल काहीच सांगत नाहीत, तरी कार्यकारणाबद्दल ते अधिक काही सांगतात, कारण तिथे अनुभव मुद्दाम दिला जातो आणि मग समज आली का ते पाहिलं जातं.

आता सर्वांत कठीण आक्षेप. समज हातातून येत असेल, तर ज्या गोष्टी बाळ कधीच करू शकणार नाही त्या त्याला कशा कळतात? हंगेरीचे ग्योर्गी गेर्गेली, गेर्गेली चिब्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये बारा महिन्यांच्या बाळांना संगणकाच्या पडद्यावर दोन वर्तुळं दाखवली. छोटं वर्तुळ मधला अडथळा उडी मारून ओलांडायचं आणि मोठ्या वर्तुळापाशी पोचायचं. मग अडथळा काढून टाकला. छोटं वर्तुळ सरळ गेलं तर बाळांना ते साहजिक वाटलं, जरी ही वाट त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. मोकळ्या जागेतही त्याने जुनीच उडी मारली, तर ती जास्त वेळ पाहत राहिली. वर्तुळाला ना हात, ना चेहरा. युयान लुओ आणि रेने बायारजन यांनी तर पाच महिन्यांच्या बाळांना आपोआप सरकणाऱ्या एका खोक्याचं उद्दिष्ट ओळखताना पाहिलं. दुसऱ्या टोकाला, जन्मतः हात नसलेल्या प्रौढ व्यक्तींचा अभ्यास जिल व्हानुस्कॉर्प्स आणि अल्फोन्सो कारामाझा यांनी केला. हातांच्या कृती ओळखण्यात आणि त्यांचा अर्थ लावण्यात त्या इतरांच्या मागे नव्हत्या.

हा आक्षेप झटकून टाकता येत नाही, आणि तो झटकून टाकावा असंही मला वाटत नाही. त्याने मूळ दावा अधिक नेमका होतो. हात हा समजेचा उगम असेल, तर खोका आणि वर्तुळ कळायला नकोत. पण हात हा शिक्षक असेल, तर त्याने शिकवलेली गोष्ट हाताशिवायही शिकता आली पाहिजे. ती गोष्ट कोणती? एलिझाबेथ स्पेल्की यांच्या प्रयोगशाळेत शरी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये केलेलं काम इथे मोलाचं ठरतं. मोज्यांचा कुठलाही सराव नसलेल्या तीन महिन्यांच्या बाळांना त्यांनी हाताची कृती अशी दाखवली, की हाताचा स्पर्श होताच वस्तूत डोळ्यांना दिसेल असा बदल घडतो. ही बाळं हात जवळच्या वाटेने जाईल अशी अपेक्षा करू लागली, म्हणजे अडथळा नसताना हाताने उगाच वळसा घेतला तर तो त्यांना खटकला. स्पर्शाने काय घडलं हे स्पष्ट दिसलं, की नुसतं पाहूनही कृतीचा धागा सापडतो. मग मोज्यांनी बाळाला नेमकं काय दिलं होतं? स्नायूंची आठवण नव्हे. चिकटपट्टीवर खेळणं उचलण्याला मुठीचे स्नायू लागतच नाहीत. मोज्यांनी दिला तो स्पर्श आणि परिणाम यांचा जोड: इकडे हात गेला, तिकडे वस्तू हलली. कृतीला कृतीपण येतं ते शेवटी घडलेल्या फरकामुळे. नुसतं दुरून पाहणाऱ्या बाळाला तो फरक गर्दीतून वेगळा काढावा लागतो. स्वतः करणाऱ्याला तो हातात मिळतो, हव्या त्या क्षणी, पुन्हा पुन्हा. हात नसलेलं मूलही ओठांनी, पायांनी, रडण्याने जगात फरक घडवतच असतं आणि इतरांना घडवताना वर्षानुवर्षं पाहतं. त्यामुळे प्रौढपणी त्याची समज इतरांइतकीच पक्की असणं हे या मांडणीच्या विरोधात जात नाही.

कृतीच्या मागे घडणारा फरक शोधण्याची सवय एकदा लागली, की न घडलेला फरकही दिसू लागतो, आणि इथून पुढे हेतू हा शब्द वापरणं मला योग्य वाटतं. तान्या बेन आणि मायकल टोमासेलो यांच्या गटाने २००५ मध्ये बाळांना खेळणी देता देता मधेच देणं थांबवलं. कधी मुद्दाम, चिडवल्यासारखं. कधी द्यायचं असूनही हातातून निसटल्यासारखं. खेळणं दोन्ही वेळा मिळालं नाही. नऊ महिन्यांपुढची बाळं मुद्दाम न देणाऱ्यावर जास्त अधीर झाली, सहा महिन्यांच्या बाळांनी फरक केला नाही. अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १९९५ मध्येच अठरा महिन्यांच्या मुलांना फसलेला प्रयत्न दाखवला होता: माणूस डंबेलसारख्या खेळण्याची दोन टोकं ओढून वेगळी करू पाहतो, पण हात निसटतो. मुलांनी निसटणाऱ्या हाताची नक्कल केली नाही. खेळणं हाती येताच त्यांनी टोकं ओढून वेगळी केली, पूर्ण झालेली कृती पाहिलेल्या मुलांइतक्याच वेळा. तसंच निसटणारं यंत्र पाहिलेल्या मुलांनी मात्र ते क्वचितच केलं.

मात्र बाळाला शहाणं ठरवण्याची घाई अनेकदा महागात पडली आहे. गेर्गेली यांच्या २००२ च्या प्रसिद्ध प्रयोगात एक बाई कपाळाने दिवा लावते. तिचे हात पांघरुणात अडकलेले असतील, तर चौदा महिन्यांच्या मुलांपैकी फक्त २१ टक्क्यांनी कपाळ वापरलं. तिचे हात मोकळे टेबलावर असतील, तर ६९ टक्क्यांनी. अर्थ असा लावला गेला, की हात मोकळे असूनही कपाळ वापरलं म्हणजे त्याला काही कारण असणार, असा तर्क मुलं करतात. मार्कस पाउलस आणि सहकाऱ्यांनी नंतर दाखवून दिलं, की चौदा महिन्यांच्या मुलाला पुढे वाकायचं तर हातांचा आधार लागतो. टेबलावर टेकलेले हात पाहून त्याला ती कृती आपल्या शरीराने करण्याजोगी दिसते. तर्कापेक्षा शरीराची ओळख इथे अधिक सांगते, आणि या मांडणीच्या रोखाशी ते जुळतं. जन्मल्या जन्मल्या बाळ जीभ काढण्याची नक्कल करतं, हा १९७७ पासूनचा गाजलेला दावा २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शंभरांहून अधिक बाळांना पहिल्या नऊ आठवड्यांत वारंवार तपासल्यावर टिकला नाही. मदत करणारं पात्र बाळांना जास्त आवडतं, हा २००७ चा निष्कर्षही अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा तपासला, तेव्हा बाळांची निवड निम्म्या-निम्म्यावर आली. मोज्यांच्या प्रयोगांवरही काही संशोधकांनी गंभीर प्रश्न उभे केले आहेत, विशेषतः त्या काही मिनिटांच्या सरावाचा परिणाम किती भरवशाचा आहे यावर. म्हणून मी एका प्रयोगावर भार टाकत नाही. कापड, नजरेचा वेग, पकडीसोबत वाढणारा अंदाज, स्पर्शाने घडणारा बदल, या वेगवेगळ्या पद्धतींनी आलेल्या निष्कर्षांचा रोख एकच आहे, आणि माझा विश्वास त्या एकरोखीपणावर आहे.

प्रयोगशाळेतलं दृश्य मुद्दाम निवडलेलं असतं, ही शंका उरते. घरात बाळाला खरोखर काय दिसतं? इंडियाना विद्यापीठात लिंडा स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांच्या डोक्यावर हलके कॅमेरे बसवून ते टिपलं. पहिल्या काही महिन्यांत चित्रांत चेहरे भरपूर असतात, पुढे चेहरे कमी होत जातात आणि हात वाढत जातात. दुसऱ्या वर्षात हातांचंच राज्य असतं, तेही बहुधा कशाला तरी लागलेल्या हातांचं. वर्षभराचं मूल आईबरोबर खेळताना तिच्या चेहऱ्याकडे क्वचितच पाहतं. दोघांचं लक्ष एकाच वस्तूवर येतं ते तिच्या हातांच्या वाटेने. बाळाने डोळ्यांत डोळे घालून पाहिलं नाही म्हणून काळजीत पडणाऱ्या पालकांनी, त्या वेळी त्याची नजर कुणाच्या हातावर होती, हेही एकदा पाहावं.

ही सारी मुलं बहुतेक पाश्चात्त्य शहरांतली आहेत. हा या शास्त्रावरचा सर्वांत न्याय्य आक्षेप आहे, आणि त्याचं एक जुनं उत्तर भारतातूनही मिळालं. बार्बरा रोगॉफ, जयंती मिस्त्री, आर्टिन गोंचू आणि क्रिस्टीन मोसियर यांनी १९९३ मध्ये चार ठिकाणच्या एक ते दोन वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला: ग्वातेमालातलं सान पेद्रो हे माया गाव, तुर्कस्तानातलं केचिओरेन, अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी आणि भारतातलं ढोल-की-पाटी हे आदिवासी गाव. मुलांसमोर त्यांना अनोळखी अशा वस्तू ठेवल्या आणि घरातली माणसं मुलाला कशी सामावून घेतात ते पाहिलं. सॉल्ट लेक सिटीतल्या आया मुलासाठी खेळ मांडत, बोलून बोलून त्याला शिकवत. सान पेद्रो आणि ढोल-की-पाटीमध्ये मुलं मोठ्यांच्या कामांच्या सान्निध्यात वाढत होती. आया हाताशी असत, लागली तर मदत करत, पण धडा देत नसत. आणि तिथली मुलं एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी चाललेल्या गोष्टींवर लक्ष ठेवताना जास्त दिसली, एकीकडचं लक्ष मोडून दुसरीकडे न वळवता. अशा मुलाला पाहायला मिळतं ते पुरं काम, सुरुवातीपासून परिणामापर्यंत, आणि ते त्याच्यासाठी मांडलेलं नसतं, तर घराला लागतं म्हणून चाललेलं असतं.

त्या कामात हात घालायची वेळ मुलं फार लांबवत नाहीत. फेलिक्स वार्नेकेन आणि टोमासेलो यांच्या २००६ च्या प्रयोगात अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालत असतो, चिमटा त्याच्या हातातून खाली पडतो आणि तो हात लांबवूनही त्याला पोचत नाही. अठरा महिन्यांची मुलं उठून चिमटा त्याला देतात. न मागता, कौतुकाची वाट न पाहता. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम फेकला, तर ती जागची बहुधा हलत नाहीत. अशा निरनिराळ्या प्रसंगांत २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली.